लेक गोष्ट पुढं सरकूच देत नाही, प्रत्येक वाक्याला 'का?' – काय करावं?

विजापूररोडवाली

नमस्कार मंडळी. आमची लेक साडेपाच वर्षांची. रात्री लाईट घालवली की तिला गोष्ट हवी असते, आणि गोष्ट सुरू झाली की वकिली सुचते.

परवाची हकिकत सांगते. चिमणी-कावळ्याची गोष्ट, म्हणजे सगळ्यात सोपी. 'कावळ्याचं घर होतं शेणाचं' इथवर आले तर 'शेण कुठून आणलं?' गोठ्यातून. 'चोचीत धरून? शी! मग जेवला कसा?' ते कसंबसं निभावलं. 'चिमणीचं घर होतं मेणाचं' म्हटलं तर ही उठूनच बसली. म्हणाली, 'आई, मेणाचं घर उन्हात वितळणार नाही का? सोलापुरात तर वितळणारच.' पाऊस अजून आलाच नव्हता, कावळ्याचं घर वाहून जायचं राहिलंच. अकरा वाजले. शेवटी मी ओरडले, ती रडली, आणि दोघी पाठ करून झोपलो.

सासूबाईंचं म्हणणं, आधी ऐकून घ्यायला शिकव, उलट प्रश्न नंतर. आमचे हे मोबाईलवर गोष्टी लावून देतात. तिथं मात्र ती एकही प्रश्न विचारत नाही, गप पडून बघते. त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

माझ्या लहानपणी घरात गोष्टी सांगणारं कुणी नव्हतं. वडील शिफ्टवर, आई शिलाई मशीनवर. त्यामुळं माझ्याकडं साठाच नाही, दोन-चार गोष्टी येतात त्यासुद्धा पुस्तकातल्या. इथं बरेच जण छान लिहिता, काही जण मुलांना गोष्टीही सांगता. तुम्हाला हे वेड कुठून लागलं? घरात तुमच्या प्रश्नांना उत्तरं मिळायची, की गप बसवायचे? खरंखरं सांगा, उपदेश नको. उपदेश घरात आहे.

---

कडकभाकरी

मेणाच्या घराचा प्रश्न बरोबर हाय की ओ ताई. एप्रिलात आमच्या गच्चीवरची प्लॅस्टिकची बादली वाकडी झाली, मेणाचं काय घेऊन बसलात. पोरगी लै हुशार हाय. मोबाईल तेवढा लांब ठेवा. बाकी मोठ्या लोकांनी सांगावं, आपण बसून वाचणार.

---

मोहोळकर

ताई, मी तुमच्या सासूबाईंच्या बाजूचा आहे. लगेच रागावू नका.

आमचे आजोबा गोष्ट सांगायचे ती अंगणात, बाजेवर पडून. नियम एकच, हुंकार द्यायचा. दर वाक्याला 'हूं'. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, मग कितीही पाया पडा. प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. म्हणायचे, 'बैल चालतोय तोवर त्याच्या पायात काडी घालू नये.' त्या 'हूं'मुळं मला ऐकायची सवय लागली असं मी मानतो. आजही कीर्तनाला बसलो की आपोआप 'हूं' निघतं आणि शेजारचे बघतात.

पण तुम्ही खरं सांगा म्हणालात, म्हणून याची दुसरी बाजूही सांगतो. आजोबा तरुणपणी सोलापूरला जुन्या मिलमध्ये होते. त्यांच्या गोष्टींत १९३० साल यायचंच. 'मे महिना होता. मग सोलापुरात मार्शल लॉ आला.' प्रश्न विचारायची सोय नव्हती, त्यामुळं मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल हे कळलंच नाही, तो एक माणूस आहे असं मी धरून चाललो. 'लॉ' हे आडनाव. चौथीपर्यंत माझ्या डोक्यात हा गृहस्थ पक्का बसला होता: लाल तोंड, घोडा पांढरा, मिशी दोन्ही बाजूला कानापर्यंत, आणि घोड्याला पाणी पाजायला तो सिद्धेश्वर तलावावर येतो. त्याच्या बायकोचं काय झालं, तो परत कधी गेला, सगळं मी रचलं होतं. शाळेत गुरुजींनी चार हुतात्म्यांचा धडा घेतला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. मी हात वर करून विचारलं, 'गुरुजी, मार्शल तेव्हा कुठं होता?' वर्ग हसला. चार पुतळ्याजवळून गेलो की मला अजून तो घोडा आठवतो.

आता हे हुंकाराच्या बाजूनं गेलं की विरुद्ध, तुम्हीच ठरवा. लिहिताना माझाच घोटाळा झाला.

---

पुठ्ठेवाला

ताई, नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, विणकरांच्या वस्तीतला, जन्म १९६२ चा. घरात तेलुगू, शाळेत मराठी, किराणावाल्याशी कानडी, मागावरच्या माणसांशी दखनी उर्दू. तेव्हा माझं मराठी कुठं घसरलं तर सांभाळून घ्या.

वेड कुठून लागलं विचारलंत. मला ते नेमकं माहीत आहे. वीज जायची म्हणून लागलं.

पुढच्या खोलीत वडिलांचे विजेवरचे दोन माग, मागच्या खोलीत आम्ही नऊ माणसं. माग चालू असले की घरात बोलायची सोय नाही. आई खुणा करायची. तोंडाकडं बोटं नेली की जेवायला चला, मूठ उघडून दाखवली की सुताच्या कांड्या संपल्या, भरायला बसा. वीज गेली की अख्खी गल्ली एका झटक्यात गप. कान मात्र थोडा वेळ तसेच वाजत राहायचे. ते थांबले की अव्वाचा आवाज यायचा. अव्वा म्हणजे वडिलांची आई. ती दिवसभर बोलतच असायची, आम्हाला ऐकू यायची ती वीज गेल्यावर.

अव्वा विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली पानं, तंबाखू, सुताची गुंडी. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूट तंबाखू पसरायचा, वळायचं, टोक नखानं आत दाबायचं, सुताचे वेढे. डोळे आमच्यावर आणि बोटं आपल्या कामावर. पंचवीस विड्यांचा कट्टा, आणि हजार भरल्या की दिवस सुटला. ती गोष्ट सांगता सांगता मोजायची. मोजणी मनात चाललेली असायची, फक्त कट्टा भरत आला की तोंडावर यायची.

'राक्षसानं दार ढकललं. आत बघतो तर... इरवै मूडु, इरवै नालुगु, इरवै ऐदु.'

झालं. कट्टा जुळवायचा, बांधायचा, बाजूला रचायचा, नवी पानं पुढं ओढायची. तोवर राक्षस दारात उभा. आम्ही पाच भावंडं आत काय असेल त्यावर भांडायचो. धाकटी म्हणायची साप. थोरला म्हणायचा सोनं. मी म्हणायचो आत दुसरा राक्षस झोपलाय, ह्याच्यापेक्षा मोठा. अव्वा पानं निवडत ऐकत असायची. आणि बाई अशी लबाड की पुढं सांगताना आमच्यातलंच कुणाचं तरी उचलायची आणि आपलंच म्हणून सांगायची. हे तेव्हा कळलं नाही. मी बाप झालो, पोरांना गोष्ट सांगताना मधेच अडलो, आणि पोरगा जे बरळला तेच पुढं ढकललं, तेव्हा कळलं की अव्वालासुद्धा पुढचं येत नसायचं. मोजणी हे सोंग होतं. निदान कधी कधी तरी.

सकाळी ती विडी कारखान्याच्या ब्रँचला माल घेऊन जायची. सैल, वाकडी विडी तिथं छाट म्हणून काढतात, तिचे पैसे नाहीत. ज्या दिवशी छाट जास्त, त्या रात्री राक्षस लवकर मरायचा आणि फार हाल होऊन मरायचा.

आता तुमच्या लेकीचं 'का'. आमच्या भाषेत एक गोष्ट आहे, तेलुगू घरातल्या प्रत्येक पोराला येते. अनगनगा ओक राजु, म्हणजे एक होता राजा. त्याला सात मुलगे. ते शिकारीला गेले, सात मासे आणले, उन्हात वाळत घातले. सहा वाळले, एक वाळेना. माशा माशा, का रे वाळला नाहीस? गवताची गंजी आड आली. गंजी गंजी, का गं आड आलीस? गाईनं खाल्लं नाही. गाई गाई, का गं खाल्लं नाहीस? गुराख्यानं चारलं नाही. गुराख्या, का रे? अव्वानं जेवायला वाढलं नाही. अव्वा, का गं? पोर रडत होतं. पोरा, का रे रडलास? मुंगी चावली. मुंगे मुंगे, का गं चावलीस? तर मुंगी म्हणते, 'ना बंगारु पुट्टलो वेलु पेडिते कुट्टना?' माझ्या सोन्याच्या वारुळात बोट घातलं तर चावणार नाही होय?

अख्खी गोष्ट 'का'चीच. राजा पहिल्या वाक्यात येतो आणि परत दिसत नाही, त्याची कुणाला आठवणही राहत नाही. पुस्तकवाल्यांना अशी गोष्ट लिहायची छाती होणार नाही. तुमच्या लेकीला ही सांगा, तिला आपल्या जातीचं कुणीतरी भेटेल.

मोहोळकर मालकांनी घोडा दाखवला, मी मोर दाखवतो. आमच्या मागावर मोराची चादर निघायची. मी सात-आठ वर्षांचा. वडिलांना विचारलं, मोर कुठनं येतो? कामात होते, म्हणाले, 'वरनं.' वर बघितलं तर जेकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, आणि त्यावरनं लोंबणारी पुठ्ठ्यांची माळ. पुठ्ठ्यांना भोकं. मोर नाही, पीस नाही, काही नाही. मला हे पटेना. नंतर पुढं आयुष्यभर तेच काम केलं म्हणून आता सांगता येतं: एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक फेक. भोक असेल तिथं सुई आत जाते आणि तिच्या आकड्याचा ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो, मधनं आडवा धागा घेऊन धोटा जातो. असे शेकडो पुठ्ठे एकामागं एक फिरले की चादरीवर मोर. हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं मी पुष्कळ वर्षं म्हणायचो. आता म्हणत नाही.

एका दुपारी वीज नव्हती. वडील झोपलेले. माळेची दोरी तुटली होती म्हणून काही पुठ्ठे उतरवून भिंतीला लावून ठेवले होते. मी त्यातले तीन उचलले, दारात गेलो आणि एक उन्हात धरला. मला वाटलं आत मोर दिसेल. मोर दिसला नाही, पण फरशीवर उन्हाचे ठिपके पडले, ओळीनं. पुठ्ठा जरा तिरपा केला की ठिपके पळायचे. मी धाकटीला हाक मारली आणि म्हटलं, ही बघ, सोन्याच्या वारुळातल्या मुंग्या. ती पाय वर घेऊन उभी राहिली, चावतील म्हणून. मग मुंग्या तिच्या फ्रॉकवर चढवल्या, भिंतीवर चढवल्या, अव्वाच्या झोपलेल्या तोंडावर चालवल्या. पाऊण तास तरी गेला असेल. परत ठेवताना क्रम चुकला आणि एक उलटा गेला. वडिलांनी उठून दोरी ओवली, वीज आली, माग सुरू.

दोन चादरी निघेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग आईनं घडी घालताना बघितलं, प्रत्येक मोराची मान एका जागी चिरलेली. सुरीनं कापल्यासारखी आडवी रेघ. वडिलांनी आम्हा पाचांना ओळीत उभं केलं. मी म्हटलं, मांजरानं केलं.

वडिलांचा हात वर गेला होता. अव्वा कोपऱ्यातनं म्हणाली, थांब. मांजरानं काय केलं?

पुठ्ठे नेले, म्हटलं.

'नेले, बरं. मग आणून कशाला ठेवले?'

मला काही सुचेना. मग सुचलं. पिलं घातलीयत माळ्यावर, त्यांना अंथरायला नेले, पण ती बोचून रडायला लागली म्हणून परत आणले.

'पुठ्ठा कुठं बोचतो?'

भोकात नखं अडकली.

'किती पिलं?'

तीन. तीन पुठ्ठे होते म्हणून.

'मग आता ती कशावर निजतात?'

ताई, हे विचारलं तेव्हा तिचा हात विडीवर थांबला होता. गोष्ट ऐकताना अव्वाचा हात थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. मी सांगत सुटलो. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्याला जरीचा काठ, त्यातल्या एका पिल्लाला उजेडच सोसत नाही, वगैरे. धाकटी रडायला लागली, तिला पिलं बघायची होती. वडिलांचा हात खाली आला आणि ते बिडी शोधायला लागले.

मार पडलाच. गोष्ट संपल्यावर पडला.

व्यापाऱ्यानं त्या चादरी घेतल्या नाहीत. एक बहिणीकडं गेली, एक माझ्याकडं आहे, मान चिरलेल्या मोरांची. पुढं मी पुठ्ठे पाडायच्या कामालाच लागलो. डिझाइनचा ग्राफ समोर ठेवून एकेक भोक पाडायचं. तीस वर्षं केलं, मग कॉम्प्युटर आला. रविवारी गल्लीतल्या देवळाच्या पायरीवर दहा-बारा पोरं जमतात, त्यांना सांगतो. मोबाईल असूनही जमतात. बहुतेक शेंगदाण्याच्या लाडवासाठी येतात, मला भ्रम नाही.

तर तुमची लेक मेणाचं घर वितळेल म्हणते, ते मला अव्वाच्या प्रश्नासारखं वाटतं. ती गाठ ओढून बघतेय, पक्की आहे का सुटणारी. पण एक करू नका. 'तुला काय वाटतं?' असं उलट विचारू नका. शिबिरं घेणारे लोक विचारतात. पोरांना त्यातनं एवढंच कळतं की ह्यांना येत नाहीये. त्यापेक्षा वितळवा की घर! मेण वितळलं, चिमणीच्या पंखाला लागलं, आता ती उडणार कशी? कावळ्याचं शेण उन्हात वाळून कसं टणक झालं असेल बघा. मग कुणी कुणाचं दार वाजवायचं?

आणि मोजायला काहीतरी घ्या हातात. शेंगा सोला, मटार सोला. अडलात तर मोजा.

---

मोहोळकर

मालक, मोराला घोडा हरला. हुंकार देतो: हूं.

---

रांगोळीचे_बोट

पुठ्ठेवाले काका, वाचताना दोनदा थांबले. मी एवढं सांगणारी नाही, पण 'गप बसवायचे की उत्तर द्यायचे' यात एक तिसराही प्रकार असतो, तो माझा. घरच्यांना स्वतःलाच उत्तर माहीत नव्हतं.

गड्ड्याची यात्रा, म्हणजे सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांची जानेवारीतली यात्रा. मी वडिलांच्या खांद्यावर. सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, सम्मती कट्ट्याशी, लग्नाच्या जागी, आलेले, बाराबंदी घातलेली माणसं कमरेला पट्टा बांधून ते तोलून धरतायत, खालून 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' चालू. अक्षता पडल्या, माझ्या केसांत, वडिलांच्या शर्टात. लग्न आहे म्हणाले होते, म्हणून मी नवरी शोधत होते. विचारलं, नवरी कुठाय? वडील म्हणाले, ती कुंभाराची मुलगी. तिला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. ठीक. तिचं नाव काय? वडिलांनी आईकडं बघितलं. आईनं आत्याकडं. आत्या म्हणाली, 'कुंभारकन्या म्हणतात गं.' म्हणजे ते नाव नव्हतंच.

एवढी अक्षता टाकायला अख्खं गाव येतं आणि नवरीचं नाव आमच्या घरात कुणाला येत नव्हतं, हे मला सहन झालं नाही. पूर्ण वर्षभर मी तिला वेगवेगळी नावं देऊन बघितली. मग तिच्या हाताला माती लागलेली असताना ती सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रांगोळी कशी काढत असेल, बोटाची माती रांगोळीत पडत असेल का, तिच्या बापाला कळल्यावर तो काय म्हणाला असेल. दुसऱ्या दिवशीच्या होमात ती सती जाते हे मला आठ वर्षांची होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. कळलं तेव्हा मी वहीची ती पानं फाडून टाकली, आणि मग परत लिहिली, शेवट बदलून.

मी आता मराठी शिकवते. दरवर्षी जानेवारीत पाचवीच्या वर्गाला विचारते, नवरीचं नाव काय असेल? वर्गात तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी, सगळ्या घरची मुलं. प्रत्येकाच्या घरातलं नाव येतं. गेल्या वर्षी एकानं स्वतःच्या आजीचं नाव सांगितलं. का, तर आजी माठ विकते.

---

विजापूररोडवाली

सगळ्यांचे आभार. जरा उशिरा लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

पहिली रात्र फसली. काकांनी सांगितल्याप्रमाणे मेण वितळवलं, पण मी फारच भरभर वितळवलं. चिमणी चिकटून मरेल की काय म्हणून लेक घाबरली आणि दिवा लावावा लागला.

दुसऱ्या रात्री शेंगा घेऊन बसले. अंधारात शेंगा सोलायच्या म्हणजे सालं गादीभर, सकाळी ह्यांच्या बनियनमध्ये निघाली. पण मोजायची युक्ती चालली. चिमणीनं कावळ्याचं दार वाजवलं. कावळा आतून विचारतो, कोण आहे? मला पुढचं येईना. म्हटलं, अकरा, बारा, तेरा. लेक ओरडली, 'सांग ना, तो म्हणतो थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालू दे!' म्हणजे चिमणीची जुनी वाक्यं तिनं कावळ्याच्या तोंडी घातली. मूळ गोष्ट तिला पाठ होती, इतके दिवस मला वाटत होतं ती ऐकतच नाही.

आणि तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरून सासूबाई, ज्या गेला अर्धा तास घोरत होत्या, त्या म्हणाल्या, 'चिमणीच्या अंड्यांचं काय झालं गं? मेणात होती ना ती?'

मी आणि लेक दोघी गप. मग लेक म्हणाली, 'आजी, प्रश्न नंतर.'

काल माशाची गोष्ट सांगितली. गंजी, गाय, गुराखी, सगळं नीट झालं. ती दर 'का'ला माझ्याबरोबर 'का' म्हणत होती. मुंगीपाशी आलो. सोन्याच्या वारुळात बोट घातलं तर चावणार नाही होय? मला वाटलं संपली. ती थोडा वेळ गप राहिली, आणि मग म्हणाली, 'आई, पण मुंगीकडं सोनं आलं कुठून?'

काका, आता तुम्हीच सांगा. मी तेविसापर्यंत मोजलंय, शेंगा संपल्या.

---

पुठ्ठेवाला

हे अव्वाला विचारायचं राहिलं ओ ताई. साठ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी पोरांना विचारतो. आज रात्री तिनं विचारलंच, तर राजाचं काय झालं ते बघा. तो पहिल्या वाक्यापासून गायब आहे.